फुगलेली झाकणं

माझा जावई माझ्या डोळ्यांत खुपायचा, हे आधीच सांगून टाकतो. माणूस वाईट नव्हता, कामालाही पक्का. पण आम्ही दोघं ज्या प्लास्टिकच्या कारखान्यात होतो तिथले मालक त्याला दूरच्या शहरातल्या नव्या कारखान्यावर मुख्य म्हणून पाठवणार होते, आणि तो माझ्या एकुलत्या एका लेकीला घेऊन जाणार होता. बायको गेल्यापासून मला दुसरं आहे कोण? लेक पलीकडच्याच गल्लीत राहते, दोन्ही वेळचं जेवण तिच्या हातचं. ते मी सुखासुखी सोडून देऊ?

अट एकच होती. जावयानं गिऱ्हाइकासमोर क्रेटची पाच हलकी झाकणं काढून दाखवायची. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये वायू सोडला की साच्यात आतून बारीक बुडबुडे धरतात आणि झाकण जाड दिसूनही हलकं होतं. हे काम तो माझ्याच हाताखाली शिकला. साच्याची वेळ मात्र आजवर मीच लावायचो.

त्या सकाळी त्यानं विचारलं, "मामा, साचा किती वेळ बंद ठेवू?"

"तीस सेकंद पुरे. गिऱ्हाइकाला झटपट काम आवडतं."

पंचेचाळीस लागतात. लवकर काढलं तर झाकण वरून गार वाटतं, पण गाभा गरमच असतो, आणि आतले बुडबुडे थोड्या वेळानं ते फुगवतात. एवढं मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं. हातचं राखल्याशिवाय कुणी उस्ताद राहत नाही.

झाकणं पट्टीसारखी सरळ निघाली. गिऱ्हाइकानं मान डोलावली. सगळे चहाला गेले आणि परत येऊन पाहतात तर टेबलावर पाच ढेऱ्या! एकही झाकण क्रेटवर बसेना. गिऱ्हाईक खो खो हसलं. खरं सांगू, मलाही आतून गुदगुल्या झाल्या.

"वेळ कुणी ठरवली?" मालकांनी विचारलं.

जावयानं माझ्याकडे पाहिलं. मी पान्यावरचं ग्रीस पुसत राहिलो.

"मीच," तो म्हणाला.

मालकांनी त्याला तिथल्या तिथं भंगार दळायच्या यंत्रावर कामाला लावलं. मग माझ्याकडे वळले. "नव्या कारखान्यावर आता तुम्हीच जा. परवा निघायचं. जमत नसेल तर इथंही येऊ नका."

घ्या! हात दाखवून अवलक्षण.

संध्याकाळी लेकीकडे जेवायला बसलो. जावई मान खाली घालून म्हणाला, "मामा, मशीनच्या पुस्तकात पंचेचाळीस लिहिलंय. कालच वाचलं होतं मी. पण म्हटलं, पुस्तकापेक्षा मामांना जास्त कळतं."

बिचाऱ्याला अजूनही काही कळलं नव्हतं. लेक मात्र वाढता वाढता थांबली. माझं तोंड ती जन्मापासून ओळखते. आत गेली, तिच्याकडे असायची ती माझ्या घराची किल्ली घेऊन आली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"पोटभर जेवून घ्या, बाबा," ती म्हणाली. "या घरातलं हे शेवटचं."