चोवीस सकाळी

नेलिदाने हिशोब डिसेंबरातच मांडून ठेवला होता. जानेवारी म्हणजे इथला ऐन उन्हाळा, दिवस एकतीस. त्यातून चार रविवार वजा, कारण रविवारी सुनेची फार्मसी बंद. पहिली तारीख सुट्टीची, तीही वजा. दोन दिवस वाऱ्याचे धरायचे, मिरामारच्या किनाऱ्यावरचा वारा कुणाचं ऐकत नाही. उरल्या चोवीस सकाळी. या चोवीस सकाळी दीड वर्षांचा फेर्मीन एकट्या तिचा. त्याला कडेवर घेऊन तंबूंच्या रांगांमधून हिंडायचं, आणि भेटेल त्याच्या तोंडून ऐकायचं, "अगदी दारीओचं नाक!" दारीओ म्हणजे तिचा मुलगा. एवढ्या तीन शब्दांसाठी नेलिदा तापलेल्या वाळूतून अनवाणी चालली असती.

आडवी येत होती ती विहीण. ओतिलियालाही याच चोवीस सकाळी हव्या होत्या, आणि तिच्या मते ते नाक तिच्या मुलीचं, रोसीओचं होतं.

रोसीओ हुशार. तिने दोघींना एकदमच सांगितलं, "त्याचे पाण्यातले कपडे न् सामान दोघींनी आणा. रविवारी किनाऱ्यावर बघू. जिने डोकं वापरून घेतलं असेल, पोरगा तिच्याकडे."

सुनेला दोन जोड फुकटात मिळणार, हे नेलिदाच्या लगेच लक्षात आलं. पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती.

पोरांच्या पोहण्याच्या सामानाचं बरं दुकान गावात एकच. त्यामुळे शुक्रवारी दोन्ही विहिणी एकाच मांडणीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

नेलिदाने आभाळी रंगाचा, अंगाबरोबर बसणारा पोशाख उचलला. छातीवर भरतकामाचा जहाजाचा नांगर, वर त्याच कापडाची झालरीची टोपी. शिवाय बदकाच्या तोंडाची फुगवायची रिंग.

दुकानातली मुलगी म्हणाली, "सेन्योरा, हा रंग पाण्यात दिसत नाही हं. आणि ती रिंग नुसती खेळायला. उलटली तर पोराचं डोकं खाली न् पाय वर."

"मी काय त्याला समुद्रात सोडून घरी भांडी घासायला जाणार आहे?"

पलीकडे ओतिलियाने नारिंगी पोशाख काढला होता. भडक, डोळ्यांत खुपणारा, लांब बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत. मग तिने तरंगतं जाकीट घेतलं, ते दुकानातल्या बाहुलीला चढवलं, मांड्यांमधला पट्टा आवळला आणि खांद्याला धरून बाहुली हवेत उचलून गदागदा हलवली. बाहुली निसटली नाही. ओतिलियाने मान डोलावली.

"रस्ता खणायला पाठवताय वाटतं पोराला?" नेलिदाने विचारलं.

"आणि तुम्ही बाप्तिस्म्याला नेताय वाटतं." ओतिलियाने पाण्यात घालायच्या डायपरचं पुडकं टोपलीत टाकलं. "हेही घ्या, विहीणबाई. साधा डायपर पाण्यात फुगतो."

"माझा दारीओ असल्या लाडांशिवाय वाढला."

"ते दिसतंच आहे."

दुकानातली मुलगी उगाच हँगर सरळ करू लागली.

डिसेंबरच्या त्या शेवटच्या रविवारी नेलिदा सकाळी नऊलाच सुनेच्या दारात हजर. ओतिलिया किनाऱ्यावर पोचेपर्यंत फेर्मीन आभाळी पोशाखात, टोपीसकट, त्यांच्या चाळीस नंबरच्या तंबूपुढे चित्रासारखा बसला होता. शेजारच्या तंबूतल्या बाईने गालगुच्चा घेतला. नाकाबद्दल मात्र बोलली नाही.

"आधी पाय तर ओले करू त्याचे," रोसीओ म्हणाली.

ओले झाले. आत डायपर साधा होता. परत येताना फेर्मीनच्या मागे चांगली उशी लोंबायला लागली, आणि प्रत्येक पावलाला तिच्यातून पाणी गळत होतं. ओतिलिया नुसती हसली, आणि नेलिदाला ते हसू चार शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

रोसीओने थर्मास उचलला. "येर्बा चहाला गरम पाणी घेऊन येते. रांग असेल. दोघी आहात ना?"

"आहोत," दोघी म्हणाल्या. एका सुरात त्या आयुष्यात पहिल्यांदाच बोलल्या असतील.

रोसीओ गेली, आणि नेलिदाने विहिणीकडे ठरवून पाठ केली. बदकाची रिंग काढली, तिची नळी तोंडात धरली आणि फुगवायला बसली. फुंकताना ती मनात बोलत होती. हस म्हणावं. बदक बघितल्यावर पोरगं तुझ्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

पाठीमागे ओतिलियाने पोराला तंबूच्या कापडाआड नेलं. फुगलेला डायपर काढला, कोरडा चढवला, आणि हातासरशी आभाळी पोशाख उतरवून नारिंगी घातला. जाकीट तेवढं राहिलं. पोराला वाळूत उभं करून ती ओला आभाळी पोशाख आपल्या पिशवीत तळाशी कोंबू लागली, म्हणजे रोसीओच्या नजरेला तो पडायलाच नको. पोराकडे त्याची दुसरी आजी बघेल. बसलीय ना ती तिथे.

बदकाची मान ताठ झाली तेव्हा टाळ्या ऐकू आल्या.

या किनाऱ्यांवर ती रीतच आहे. चुकलेलं मूल सापडलं की कुणीतरी ते खांद्यावर घेतं आणि टाळ्या वाजवत चालू लागतं. वाटेतले तंबू एकामागून एक टाळ्यांत सामील होतात, आणि आवाज ऐकून ज्याचं असेल तो धावत येतो. नेलिदाला हा प्रकार मनापासून आवडे. दुसऱ्याचा गलथानपणा फुकटात बघायला मिळे आणि वर पुण्यही पदरात पडे.

ती उभी राहिली. लाल चड्डीतला जीवरक्षक येत होता. त्याच्या खांद्यावर पाठमोरं वळून समुद्राकडे बघणारं एक नारिंगी पोरगं. नेलिदा जोरजोरात टाळ्या पिटू लागली.

"कुणाची आजी झोपलीय गं!" ती शेजारणीला ऐकू जाईल असं ओरडली. "अशा बायकांच्या हाती मांजरसुद्धा देऊ नये!" मग तिचं लक्ष विहिणीकडे गेलं. "वाजवा की, विहीणबाई. हात झिजतील का?"

ओतिलियाचे हात पिशवीतच होते. तोंड पिठासारखं पांढरं.

"तो फेर्मीन आहे," ती म्हणाली.

"काहीतरीच. आपला तर निळ्या..."

तेवढ्यात पोराने तोंड फिरवलं. ते नाक.

जीवरक्षकाने पोरगा खाली उतरवला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "फेसापर्यंत पोचला होता. टेहळणीच्या बुरुजावरून नारिंगी ठिपका दिसला म्हणून धावलो. त्या पिशवीतून डोकावतोय ना, तसल्या निळ्यात असता, तर मला पाणीच दिसलं असतं."

"मी ते नारिंगी घातलं!" ओतिलियाला वाचा फुटली. "मी!"

"घातलं न् सोडून दिलं!" नेलिदा कडाडली. "चोरून कपडे बदलतेस पोराचे? मी त्याला निळ्यात शोधणार होते!"

"शोधणार होतीस? तू टाळ्या वाजवत होतीस, निर्लज्ज बाई!"

रोसीओ पायवाटेवर थर्मास घेऊन उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. ती आली, पोराला उचललं आणि आधी सासूकडे वळली.

"मी तिथून बघितलं, नेलिदा. सगळ्यांत जोरात तुम्हीच वाजवत होतात."

मग आईकडे. "आणि तू पिशवी भरत होतीस."

नारिंगी पोशाख अंगावर होताच. जाकीट तिने उचललं. बदक तिथेच राहिलं.

चोवीस सकाळींचा हिशोब अखेर असा लागला. ओतिलियाला शून्य. नेलिदाला शून्य, आणि वर एक आभाळी पोशाख, जो पुढच्या उन्हाळ्यात पोराला व्हायचा नाही. रोसीओला फार्मसी सुटेना. दारीओ रात्रभर बेकरीच्या भट्टीपुढे उभा असतो, सातला घरी येतो आणि एकपर्यंत झोपतो. पोराला सांभाळायला त्याचीच झोप मोडली. नेलिदा चाळीस नंबरच्या तंबूतून रोज बघायची: तिचा मुलगा पाण्याच्या कडेला, डोळे लाल, केसांत पीठ, जाकिटाचा पट्टा स्वतःच्या मनगटाला गुंडाळलेला, म्हणजे डुलकी लागलीच तर पोराच्या हिसक्याने जाग यावी. येणारीजाणारी थांबून नाकाबद्दल काही बोलत. त्याला ऐकूही जात नसे. जानेवारीत वारा सुटलाच नाही असं नाही, पण वाऱ्याचे म्हणून धरलेले दोन दिवस काही आले नाहीत. चोवीस धरल्या होत्या, निघाल्या सव्वीस, आणि सव्वीसच्या सव्वीस दारीओने भरल्या.