एका नंबरावरच्या दोघी

"एका फोनमागं एकच बाई असते, हे तुले कोनं सांगतलं, जया?" रुबीनानं मला विचारलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं.

मारेगावात, आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडून आम्ही दोघी ॲप बनवत होतो. रुबीना माझी कॉलेजातली मैत्रीण, संगणकाची पदवी आम्ही एकाच बाकावर बसून घेतलेली. ॲप गरोदर बायांसाठी आणि बाळंतिणींसाठी. बाईनं फोनमध्ये आपल्या बोलीत विचारायचं, एआयनं त्याच बोलीत उत्तर द्यायचं, आणि मागचं बोलणं लक्षात ठेवून पुढं स्वतःहून चौकशी करायची. माझा मुलगा संघर्ष झाला तेव्हा मी त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायची, श्वास चालू आहे ना बघायला. विचारावं कोणाला, कळायचं नाही. त्यातून हे सुचलं.

प्रश्न एकच अडला होता. एआयनं लक्षात ठेवलेलं साठवायचं कुठं? एक तयार क्लाउड सेवा होती. तिच्यात मोबाइल नंबर हीच बाईची ओळख. त्या नंबराखाली सगळं बोलणं साठत जातं आणि एआयला लगेच सापडतं. एका दुपारचं काम. दुसरा डेटाबेस साध्या तक्त्यांचा होता. फोन एका तक्त्यात, बाया दुसऱ्यात, कोण कुठल्या फोनवर बोलते ते तिसऱ्यात. सगळं आपल्या हातानं बांधायचं.

"दुसरा घे," रुबीना म्हणाली. "आमच्या घरी अम्मीच्या एका फोनवर तिघी बोलतात."

"लई वेळ जाईल त्यात. अन् याचे दात येऊन राह्यले, रडून जीव खाते माझा."

"दात पोराचे येऊन राह्यले, अक्कल तुयी काहून पडून राह्यली?"

मी पहिली सेवा घेतली. आसपासच्या गावांतल्या ओळखीच्या बायांना ॲप वापरायला दिलं. संघर्षला पाजताना एका हातानं मी बघत राहायची, कोणी काय विचारलं, एआयनं काय सांगितलं. सगळं नीट चाललं होतं. मग एका दुपारी त्यांच्यातल्या दीपमालाचा फोन आला. ती सात महिन्यांची पोटुशी होती. हसतच होती.

"ताई, तुमची मशीन येडी झाली वाटते. मले इचारते, डोकं दुखाचं थांबलं काय, अंधारी येते काय. म्या सांगतलं, मले काहीच नाही."

"मग?"

"मग म्हणते, बरं झालं, आता बाळाले पाजा. अवं, बाळ अजून पोटातच हाय!"

मला हसू आलं नाही. "दीपमाला, तुझ्या फोनवर आणखी कोण बोलतं?"

"आमच्या नणंदबाई बोलतात नं. उर्वशीताई. पहिल्या बाळंतपणाले माहेरी आल्या. त्यायचा फोन सासरीच राह्यला, जावयापाशी."

"कुठं आहे ती?"

"झोपून हाय सकाळपासून. घरचे सारे कापूस वेचाले गेले. म्या म्हटलं, झोपू द्या, लेकरू रात्री झोपू देत नाही."

डोकं दुखल्याचं उर्वशीनं सांगितलं होतं. चौकशी आली तेव्हा उत्तर दीपमालानं दिलं. एआयच्या लेखी दोघी एकच बाई, आणि त्या बाईचं दुखणं थांबलेलं.

"तिला आत्ता उठव. आणि तडक दवाखाना गाठा. बीपी मोजायला सांगा, बाळंतिणीचं असं डोकं दुखणं बीपी चढल्याचं असू शकतं." फोन बंद झाल्यावर मी उगीच पाळण्याशी जाऊन संघर्षची छाती हलते का ते बघितलं.

गावातल्या ऑटोनं तिला नेलं. बीपी फार चढलेलं निघालं. डॉक्टरांनी ठेवून घेतलं, औषध सुरू केलं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते उतरू लागलं. मी आणि रुबीना भेटायला गेलो तेव्हा उर्वशी उशीला टेकून बसली होती, पोरगी मांडीवर.

"घरात कोणाला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगतलं होतं नं ताई, तुमच्या फोनाले," ती म्हणाली. "म्हणून मंग दुसऱ्या कोनाले नाही सांगतलं."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला वाटलं, आता रुबीना टोमणा मारणार. तिनं फक्त विचारलं, "कवा बसाचं मग?"

"आजच."

जुनं सगळं आम्ही बंद केलं आणि तक्त्यांचा डेटाबेस बांधायला घेतला. कामाला वेळ लागला. संघर्षचे वरचे दोन दात तेवढ्यात येऊन गेले. आता ॲप उघडलं की आधी आवाज येतो, "कोन बोलून राह्यलं, माय?" ही ओळ रुबीनाची. उत्तर आल्याशिवाय एआय कोणाचंच मागचं बोलणं काढत नाही. दुखणं सांगितलं असेल, तर शेवटी तिलाच बजावतो, "हे घरातल्या एखादीले आत्ताच सांग."

तरी तिनं खरंच सांगितलं का, हे मला इथं बसून दिसत नाही. कुठलाच डेटाबेस ते दाखवत नाही. म्हणून तुम्हाला म्हणते. तुमच्या घरी, शेजारी कोणी लेक बाळंतपणाला माहेरी आली असेल, आणि आज जरा जास्तच वेळ झोपून असेल, तर हे वाचणं बाजूला ठेवा. तिच्यापाशी जा, हलकेच उठवा आणि विचारा, डोकं दुखतं का गं? उत्तर तिच्याच तोंडून ऐका.