नळ अकरा हजार, माणसं नऊ हजार

आमच्या सांता रीतात नळ अकरा हजार होते आणि माणसं नऊ हजार. नळ नगरपालिकेने मोजले होते, माणसं सरकारने. नगराध्यक्ष रोमुलो केन्ता यांनी सभेत हे आकडे वाचले तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे दोन हजार नळांवर भुतं पाणी भरतात." सगळे हसले. मीही हसले. पण ती भुतं कोण ते मला ठाऊक होतं, कारण त्यांतली एक मीच होते.

अकरा वर्षांपूर्वी शिरगणती झाली त्या दिवशी मी इथे नव्हते. आदल्या सकाळी ट्रकच्या हौद्यात गादी टाकली, लेकरांना वर चढवलं आणि हांकोउमाला, माझ्या माहेरच्या गावी, जाऊन बसले. आम्हा पठारावरच्या लोकांची रीतच आहे ती. घर बांधायचं शहरात, पण शिरगणतीला जायचं बापाची जमीन असेल तिथे. गावचा प्रमुख यादी घेऊन उभा असतो. जो हजर नाही, त्याच्या शेतात पुढच्या पेरणीला दुसऱ्याचा नांगर फिरतो. त्या दिवशी सांता रीतातल्या कित्येक गल्ल्यांत कुत्री तेवढी राहिली होती. सरकारने ते अर्धंअधिक रिकामं गाव मोजलं आणि पुढची अकरा वर्षं त्या मापाने पैसे, डॉक्टर, मास्तर दिले.

नगरपालिका हातावर हात ठेवून बसली होती असं नाही. महिन्याला एक नवी गल्ली उगवायची आणि आम्ही तिच्यामागे नळ, दिवा, कचऱ्याची गाडी घेऊन धावायचो. आल्तो वस्तीत तर आम्ही दुसरा दवाखाना बांधला. विटा घराघरातून आल्या, पत्रा नगरपालिकेचा, चुना लावायला बायका. सगळं झालं, डॉक्टर तेवढा मिळेना. वरचं आरोग्य खातं म्हणायचं, नऊ हजारांना एक डॉक्टर पुरतो. म्हणून नव्या दवाखान्याला कुलूप आणि जुन्यासमोर पहाटेपासून रांग. माझी मुलगी, नेली तिचं नाव, दिवस भरलेले असताना त्या रांगेत तीन तास उभी राहिली आणि शेवटी दुसऱ्या शहराकडे नेताना मिनीबसमध्ये बाळंत झाली. नातू धडधाकट आहे. बसवाल्याचं नाव फेर्मीन होतं, तेच त्याला ठेवलं. मी मात्र त्याच वर्षी निवडणुकीला उभी राहिले. तीस वर्षं बटाट्याच्या पोत्यांवर बसून गिऱ्हाइकांशी हुज्जत घातली होती. नगरसेविकेचं काम त्याहून अवघड निघालं नाही.

तर त्या सभेत रोमुलो माझ्याकडे वळले. "गुमेमावशी, शिरगणतीला तीन आठवडे आहेत. तुम्ही चौकात उभं राहून सांगा, मी इथेच मोजून घेणार म्हणून. लोक तुमचं ऐकतात."

"सांगीन की. पण लोक विचारतील, शेताचं काय? त्याला उत्तर आहे तुमच्याकडे?"

"ते काही नगरपालिकेच्या हातात नाही, मावशी."

"मग चौकात वाऱ्याने माझी टोपी उडेल, एवढंच होईल."

गुरुवारच्या बाजारात माझा भाऊ अनाक्लेतो भेटला. त्या वर्षी हांकोउमाचा प्रमुख तोच होता. अंगावर लाल पोंचोची घोंगडी, खांद्यावरून आडवा चाबूक, हा त्याचा मान. पण बाजारात तो मान घेऊन तो फुटपाथच्या कडेला फडक्यावर सुकवलेले बटाटे मांडून बसला होता.

"गुमे, बरी भेटलीस. ट्रक सांगून ठेवलाय. शिरगणतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी निघायचं."

"मी यायची नाही, दादा."

त्याने बटाट्यांवरची माशी हाकलली. "थट्टा करतेस."

"नाही. मी इथेच राहणार. नेलीपण."

"मग वरचं शेत आणि खालचं शेत, दोन्ही गेलं समज. मी भाऊ म्हणून बोलत नाही, पंचांचं सांगतोय. तुला सोडलं तर उद्या सगळेच सुटतील. मग गावात मोजायला काय, लामांचे कळप?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात नगरपालिकेचा शिपाई आला. "ओ काका, उठा इथून. रस्ता अडवलाय."

अनाक्लेतो फडक्याची टोकं गोळा करायला लागला. चाबूक सांभाळत, गुडघा धरत, सावकाश. शिपायाने मला पाहिलं आणि तो ओशाळला. "मावशी, हुकूमच आहे. बाहेरगावच्यांना जागा नाही."

हुकूम आमचाच होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बाजूने मीही हात वर केला होता.

"पाहिलंस?" अनाक्लेतो म्हणाला. "तुमचं गाव आमचे बटाटे खातं, पण बूड टेकायला जागा देत नाही. आणि माणसं मात्र आमचीच ठेवून घ्यायचीत तुम्हाला."

ते शब्द मी घरी घेऊन गेले नाही, थेट नगरपालिकेत घेऊन गेले.

पुढच्या सभेत मी ठराव मांडला: मंडईतली पूर्वेकडची छपराची रांग गुरुवारी आणि रविवारी आसपासच्या गावांच्या शेतकऱ्यांना द्यायची, कायमची. तेओफिलो कुस्सी हा आमचा नगरसेवक मंडईतल्या दलालांच्या बाजूचा. तो म्हणाला, "मावशी, भावाला जागा देताय."

"देतेय. आणि तुझ्या सासऱ्याच्या गावालाही. तुझी बायको सांगत होती, तो गेल्या रविवारी गटाराशेजारी बसला होता."

तेओफिलोने हात वर केला. ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. मी शिक्का मारलेला कागद घेतला आणि हांकोउमाची गाडी पकडली.

गावची सभा मैदानावर भरली. शिरगणतीत नऊशे डोकी दाखवून गावाने मिळवलेलं तेच एक मोठं काम होतं, छप्पर घातलेलं कृत्रिम हिरवळीचं मैदान. खेळायला पोरं नव्हती. कोपऱ्यातली हिरवळ लामांनी उपटून पाहिली होती आणि थुंकून टाकली होती. मधोमध फडकं, त्यावर कोकाची पानं. रीतीप्रमाणे प्रत्येकाने चिमूटभर चघळायला घेतली आणि मग मी उभी राहिले.

"आमच्या बापाने हे शेत कसं राखलं ते तुम्ही पाहिलंय," मी म्हणाले. "तो एक दिवस येऊन बसला नाही. त्याने पाट उपसला, सणाला गावजेवण घातलं, प्रमुखपण केलं. जमीन सेवेने राहते ही आपली जुनी रीत. शिरगणतीला हजर राहायची रीत कालची आहे. पुढच्या वर्षी पाटाच्या पाण्याची जबाबदारी माझ्या नावावर लिहा. सांता रीतातल्या चाळीस घरांनी पाळ्या घेतल्यात, ही नावं. पण आम्हाला मोजतील तिथे, जिथे आम्ही रोज पाणी पितो."

एक म्हातारी म्हणाली, "आणि आमची शाळा बंद पडली म्हणजे?"

"शाळेत पोरं किती आहेत, आजी?"

"अकरा."

"मागच्या वेळी कागदावर दोनशे होती. किती मास्तर आले?"

"एकच. तोही सोमवारी उशिरा येतो."

लोक हसले. मग मी मंडईचा कागद वाचून दाखवला. हांकोउमाचं नाव पाटीवर रंगवून लागणार, तिथून कोणी उठवणार नाही, हे दोनदा वाचायला लावलं त्यांनी. अनाक्लेतोने कागद घेऊन शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

बराच वेळ कुजबुज चालली. शेवटी अनाक्लेतो उठला. "पाळ्या मान्य. सेवा करील त्याची जमीन राहील, मग तो कुठेही मोजला जावो. पण गुमेने यादी मोडायला सुरुवात केली आणि ती प्रमुखाची बहीण. फुकट सुटली तर माझं कोण ऐकेल? खालचं शेत गावाकडे जाईल."

खालचं शेत ओढ्याकाठचं. आईने तिथे वाल पेरले होते. मी म्हणाले, "जाऊ दे." आणि खाली बसले. 

शिरगणतीच्या दिवशी बाहेर पडायला बंदी असते. मी सकाळी गच्चीवर गेले. रस्त्यावर एक गाडी नाही, आणि तरी गाव रिकामं नव्हतं. प्रत्येक घरातून धूर, रेडिओ, भांडी. पलीकडच्या गच्चीवरून शेजारीण ओरडली, "मावशी, भुतं उठली का?"

"उठली. चहा घेतायत."

गणतीवाली मुलगी दुपारी चारला आमच्या दारात आली. सकाळपासून चालून चालून चेहरा उन्हाने लाल झालेला. मोजलेल्या घराच्या दारावर चिकटपट्टी लावायची असते, ती तिच्याकडे उरली नव्हती.

"मावशी, या गल्लीसाठी मला चाळीस पट्ट्या दिल्या होत्या. ही तर दीडशे घरांची गल्ली आहे."

"चाळीस कोणी सांगितली?"

"जुनी यादी."

मी रोमुलोंना फोन लावला. ते म्हणाले, तिसरा फोन आहे हा, वरून परवानगी घेतलीय, खडूने खूण करा. मी नातवाच्या पाटीवरचा खडू आणला, मुलीला सूप पाजलं आणि नावं सांगितली: गुमेर्सिंदा तार्की, नेली, जावई, फेर्मीन. तिने आमच्या दारावर खडूने गोल काढला. मी तो कधी पुसला नाही. वाऱ्याने गेला तेवढा गेला.

आकडा निघाला एकतीस हजार चारशे. वरच्या खात्याला कागद पाठवायचे, उत्तर नाही आलं की स्वतः जाऊन बाकावर बसायचं, यात सात महिने गेले. त्यातले तीन दिवस मी सुकवलेले बटाटे आणि चीज घेऊन त्यांच्या दाराशीच होते. आठव्या महिन्यात आल्तोच्या दवाखान्याचं कुलूप निघालं. डॉक्टर बाई आल्या, तरुण, खणखणीत आवाजाच्या.

पहिल्या गुरुवारी रांगेत अनाक्लेतो होता. मंडईतला माल सकाळीच संपवून, गुडघा दाखवायला आलेला. पोंचो, चाबूक, सगळं अंगावर.

"गाव कुठलं, काका?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"हांकोउमा. तिथेच मोजलाय मला." त्याने माझ्याकडे बोट केलं. "इथली ती आहे. मी तिचा बटाटेवाला."

बाई हसल्या आणि त्याचा गुडघा हातात घेतला. "दुखतं कुठे ते सांगा."

मी त्यांना तिथेच सोडून निघाले. पाटाच्या उपशाची माझी पाळी दुसऱ्या दिवशी होती आणि फावड्याला दांडा बसवायचा राहिला होता.