आसरांच्या भरवशावरची खोली

हिंजवडीच्या पुढच्या गावात दहा वर्षांत भातखाचरं गेली आणि टॉवर आले. संपतनेही ओढ्याकाठच्या आपल्या तीन गुंठ्यांत चार मजले चढवले. वरच्या खोल्यांत कंपन्यांतली मुलं राहत. तळमजल्यावर मुमताज होती. ती एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला जाई. तिचे वडील शमशुद्दीन यांनी कसबा पेठेत पन्नास वर्षं तांब्याची भांडी घडवली होती. आता ते कमरेखाली अधू होते. मुमताज बाहेरून कुलूप लावून जाई.

ओढ्याकाठी शेंदूर लावलेले सात दगड होते, गावच्या आसरा, म्हणजे पाण्याच्या देवी. ओढा कितीही फुगला तरी आसरांवर चढत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक. संपतने इंजिनिअर लावला नाही; दगडांहून दोन फूट वर जोतं धरलं.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी तीनला ढगफुटीसारखा पाऊस लागला. चारपर्यंत ओढा अंगणात आला. संपत जिन्यातून पाहत होता. सातांपैकी एकही दगड दिसेना.

"आत्या, आसरा बुडाल्या!"

तुळजाबाई खाली आल्या. पाणी पाहून पायरीवरच बसल्या.

"त्या हितल्या न्हाईतच रं. तुझ्या बाला औत वळवायला अडचण व्हायची, म्हणून त्यानं खाली सरकवल्या. तू पाळण्यात व्हतास. नारळ फोडून माफी मागितली, आन् मला म्हणला, बोलू नगंस."

"आधी कुठं होत्या?"

"वरच्या बांधावर." त्यांनी पहिल्या मजल्याच्या खिडकीकडे बोट केलं. "तेवढा उंच हुता बांध."

"आन् मला आज सांगतीस?"

"तू इचारलंस कधी? मला वाटलं, इंजनेरनं बघितलं असंल."

फोन वाजला. मुमताज होती, तिची बस दोन किलोमीटरवर अडकली होती.

"संपतभाऊ, अब्बा आत आहेत. चावी माझ्याकडे आहे."

संपतने वरच्या दोन मुलांना हाका मारल्या आणि पहार घेऊन पाण्यात उतरला. पाणी मांडीपर्यंत होतं. आतून भांडी एकमेकांवर आपटत होती.

"चाचा! ऐकू येतंय का?"

"येतंय. चार महिने नळाला पाणी नाही म्हणून ओरडत होतो, संपतराव. एकदम सगळं पाठवायची गरज नव्हती." मग आवाज बदलला. "खाट तरंगतेय. लवकर करा."

कुलूप तुटलं, पण बाहेर उघडणारं लोखंडी दार पाण्याच्या दाबाने हलेना. संपतने फटीत पहार घातली, मुलांनी कडी ओढली. दार हातभर उघडलं आणि तिथेच अडकलं. एक मुलगा अंग चोरून आत शिरला. त्याने म्हाताऱ्याला काखांत धरून फटीशी आणलं. त्यांचे दात वाजत होते.

तिघांनी त्यांना पहिल्या मजल्यावर नेऊन सतरंजीवर ठेवलं. संपतने मागे वळून पाहिलं. जिन्याच्या पाच पायऱ्या पाण्याखाली होत्या. तो पाहत असतानाच सहावी गेली.

फोन पुन्हा वाजला.

"अब्बा वर आहेत ना?"

"हायत."

"किती वर?"

संपतने मुलांना खूण केली. त्यांनी सतरंजीची चारी टोकं धरली.

"अजून नेतोय," तो म्हणाला.