एकोणीस कर्व्ह

पुंगोल पेलिकन्स हा व्यावसायिक बेसबॉल संघ म्हणजे औट घटकेचं राज्य. मार्चमध्ये गाजावाजा करून उभा राहिला आणि अकराव्या आठवड्यात मालकांनी गाशा गुंडाळला. भारतातून आणलेल्या खेळाडूंच्या हाती परतीची तिकिटं पडली. एकट्या निशिकांतला तैवानच्या एका क्लबनं बोलावलं. अभिनंदनाचे फोन येत होते आणि दर फोनला त्याचं मन त्याला जास्तच खात होतं.

आज अभय निघाला होता. यिशुन उपनगरातल्या फ्लॅटमध्ये दोघं एका खोलीत राहत होते. अभय अमरावतीचा, पिचर. निशिकांत जळगावचा, कॅचर, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. तोंडावर जाळीचा मास्क चढवून उकिडव्या बसलेल्या कॅचरनं गुडघ्यांमध्ये बोटांनी खूण करायची आणि पिचरनं तसा चेंडू टाकायचा, ही या खेळाची रीत. दोन बोटं म्हणजे कर्व्ह, कोपराला पीळ देऊन टाकलेला, वळून खाली पडणारा चेंडू. खूण पटली नाही तर पिचर मान हलवून सरळ नकार देतो. अभयनं मात्र निशिकांतला कधी नकार दिला नाही. शिबिरात पहिल्या दिवशी 'दादा' म्हटलं ते म्हटलं. आता दादापुढे नकाराची मान कशी हलवायची? कोचनं या खुळेपणापुढे हात टेकले होते.

शेवटच्या सामन्याआधी अभय म्हणाला होता, "दादा, कोपर ठणकतंय. आज कर्व्ह मागू नका."

निशिकांत "बरं" म्हणाला. पण स्टँडमध्ये तैवानचा माणूस वही उघडून बसला होता, आणि मातीत आपटणारा कर्व्ह अंगावर घेऊन अडवण्यातच कॅचरचं कसब दिसतं. निशिकांतनं एक मागितला. मग आणखी एक. असे एकोणीस झाले. दुसऱ्या कुणी मोजले नसतील, त्यानं मोजले. खाई त्याला खवखवे. एकोणिसाव्याला अभय कोपर धरून खाली बसला. लिगामेंट फाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, पिचिंग विसरा.

आता अभयला एकट्या डाव्या हातानं बॅगेची चेन लागेना. निशिकांतनं बॅगेवर गुडघा टेकवून ती लावली. टॅक्सी यायला दहा मिनिटं होती. आज बोललो नाही तर जन्मभर तोंड दाखवता येणार नाही, हे त्याला कळत होतं.

"अभय, त्या दिवशी तू सांगितलेलं मी विसरलो नव्हतो रे. तैवानवाल्याला दिसावं म्हणून मुद्दाम मागत होतो."

"माहीत होतं," अभय म्हणाला.

"मग मान का नाही हलवलीस, शहाण्या?" निशिकांत उखडलाच. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

"तुम्ही एकतीसचे झालात, दादा. परत कोण येणार होतं तुम्हाला बघायला? म्हटलं, काढू थोडी कळ. वाटलं, पाच-सहा मागाल आणि थांबाल." अभयनं बॅग डाव्या खांद्याला लावली. "बाराव्यापासून मी तुमच्या तोंडाकडेच बघत होतो. पण मास्कमधून काही दिसेना."

निशिकांतला मास्कच्या आतून सगळं दिसलं होतं. दर चेंडूनंतर अभय ओठ चावत होता, आणि ते बघूनही त्यानं पुन्हा दोन बोटं खाली धरली होती.