क्रेनच्या शेंड्यावरची भिंगरी

मान वर करा, मित्रांनो. आणखी वर! उंच क्रेनच्या शेंड्यावर दांड्याला तीन वाट्या गरगर फिरताना दिसतात ना? तसंच वारा मोजणारं मी एक जुनं यंत्र. कारखान्यात माझं नाव लांबलचक होतं; कामावर सगळे मला भिंगरी म्हणू लागले. वाट्यांत वारा शिरला की मी फिरते आणि केबिनमधल्या पडद्यावर त्याचा वेग उमटतो.

माझं भाग्य असं, की ती क्रेन चालवायला ताई आली. काय सांगू तिचा रुबाब! साठ मीटरची शिडी चढून धाप लागते तिलाही, पण ऐकू येईल तर शपथ! माझ्यात धूळ साठून मी वारा कमी दाखवू लागले, तेव्हा सगळे म्हणाले, "चालतंय की!" हिने मात्र हट्टाने मेकॅनिकला वर चढवलं आणि मला स्वच्छ करून घेतलं.

त्या दिवशी एका शाळेच्या सभागृहाची शेवटची काच चढवायची होती. चांगली भिंतीएवढी काच! मुकादमकाकांनी मोबाईलवर वाऱ्याचा अंदाज वाचला. "वेग ताशी चोवीस किलोमीटर. झुळूकच की! चला, दुपारी पाहुणे यायच्या आत उरकू."

"काका, पुढचंही वाचा," वॉकीटॉकीवर ताई म्हणाली. "झोत अठ्ठावन्न. दिशा वायव्य."

"वायव्य त्या भिंतीपलीकडे. वारा तिकडे जाणार, आपलं काय जातंय?"

"तिकडे जाणार नाही, तिकडून येणार! तुम्ही भिंतीच्या आडोशाला उभे आहात, म्हणून तुम्हाला कळत नाही. आणि चोवीस ही नुसती सरासरी. काच फिरवायला तीन सेकंदांचा झोत पुरतो. त्यातून हा अंदाज जमिनीजवळचा, मी बसलेय साठ मीटरवर."

काकांनी चिमूटभर माती हवेत सोडली. ती सरळ खाली पडली. "बघा! तुमची ती भिंगरी म्हातारी झालीय. काच उचलायची नसेल तर उतरा, दुसरा चालक बोलावतो."

ताईला हे काम मोठ्या मिनतवारीने मिळालं होतं. ते गेलं, तर बाईच्या हाती पुन्हा क्रेन देणार कोण?

"बोलवा," ती शेवटी म्हणाली. "पण काचेची दोरी धरून तुमचे जावई उभे आहेत. आधी लेकीला विचारून घ्या."

खाली कुणीतरी फिसकन हसलं. जावईबापू दोरी सोडून हळूच मागे सरकले.

पुढची दहा मिनिटं मी किती तळमळले! बावीस, चोवीस, एकवीस. "एवढ्यात लागलीही असती काच!" काका फणफणत होते. वाटलं, ताईसाठी जोरात गरगरावं. पण मित्रांनो, खोटं फिरणं आम्हाला जमत नाही. ताई मात्र जागची हलली नाही.

आणि तो आला! एकसष्ट! क्रेन करकरली. भिंतीवरच्या प्लायवूडच्या दोन फळ्या पत्त्यांसारख्या उडाल्या आणि जावईबापू मघाशी उभे होते तिथेच धाडकन आदळल्या. मग सगळं शांत. मी पुन्हा तेवीसवर, जणू काही झालंच नाही!

काकांनी त्या फळ्या बाजूला ओढल्या. मग म्हणाले, "ताई, कधी उचलायची ते तुम्हीच सांगा."

"उद्या सकाळी सहाला. वेग आठ, झोत बारा."

दुसऱ्या दिवशी ती काच अशी अलगद बसली, की खालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हात असते, तर मीही वाजवल्या असत्या.

आता मी निवृत्त होऊन सामानाच्या खोलीत, रंगाच्या डब्यांशेजारी असते. तक्रार नाही, मागणं मात्र आहे. अंदाज वाचताना वेगाच्या आकड्यावर थांबू नका. झोत किती आणि वारा येतोय कुठून, हेही बघा. आणि उंचावरून कुणी "नको" म्हणालं, तर चिडण्याआधी एवढंच विचारा, "वर वारा किती आहे?"