अडला हरी, 'सी'चे पाय धरी

मी एक जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर आहे, मित्रांनो. नावाला दबकू नका. पोटात दिवा, वर सपाट काच आणि दांडीवर टांगलेला एक आरसा, एवढाच माझा संसार. काचेवर पारदर्शक कागद ठेवायचा, त्यावर रंगीत पेनाने लिहायचं, की ते भिंतीवर हातभर मोठं दिसतं. सध्या माझा मुक्काम शाळेच्या अडगळीच्या खोलीत आहे. शेजारी तीन पायांच्या खुर्च्या आहेत, आणि त्यांच्याशी बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून म्हटलं, तुमच्याशी बोलावं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कारागिरांनी मला बनवलं तेव्हा पृथ्वीवर माझ्यासारखे हजारो होते, त्यामुळे जन्माचं कौतुक असं काही झालं नाही. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी शहराशेजारच्या गावात, एका सरकारी हायस्कुलात मी आलो आणि तिथलाच झालो. पहिली वर्षं भूगोलाच्या सरांकडे गेली. ते काचेवर नद्या काढायचे. त्यांची पाठ वळली, की मुलं माझ्या उजेडात हात घालून भिंतीवर ससे आणि मगरी नाचवायची. सर रागावायचे नाहीत. मीही नाही. पंखा गरम होऊन घरघरायचा, तेवढीच माझी तक्रार.

मग मी सुवर्णा रामटेके यांच्या वर्गात गेलो. बाई मूळच्या नागपूरच्या. यजमान प्रल्हादराव जवळच्या रिसर्च पार्कात एका औषध कंपनीत होते. बाईंनी इथे येऊन पुन्हा परीक्षा देऊन शिक्षकाचा परवाना मिळवला होता आणि त्या नववीला बीजगणित शिकवायच्या. रामटेके हे आडनाव इथल्या जिभेला पेलेना, म्हणून मुलं त्यांना मिसेस आर. म्हणायची. मी लवकर तापलो नाही, की बाई पुटपुटायच्या, "चल रे बाबा, लाग आता." मला मराठी तेवढीच येत होती. पुढे पुष्कळ आली.

माझ्यात एक गुण आहे, तो सांगतो. फळ्यावर लिहिणाऱ्याची पाठ मुलांकडे असते. माझ्यावर लिहिणाऱ्याचं तोंड मुलांकडे असतं. बाई लिहीत लिहीत एकेक चेहरा बघायच्या आणि विचारायच्या, "समजलं?" सगळे माना हलवायचे. बाईंना त्यातल्या खऱ्या माना आणि खोट्या माना बरोबर ओळखू यायच्या. खोटी मान दिसली, की त्या कागद पुसून पहिल्यापासून मांडायच्या. त्यांचा धडा नेहमी मागे पडायचा, आणि मला ते फार आवडायचं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा राज्याने शाळांना नावं ठेवायला सुरुवात केली. शब्दशः घ्या. वर्षाच्या शेवटी सगळ्या मुलांची एकच परीक्षा, चार पर्यायांतला एक गोल पेन्सिलीने काळा करायचा. किती मुलं पास झाली आणि शाळेची सरासरी किती वाढली, हे बघून राज्य शाळेला एक नाव द्यायचं. चांगल्या शाळांना चांगली नावं मिळाली. आमच्या शाळेला सगळ्यांत खालचं मिळालं, लो परफॉर्मिंग. ते वर्तमानपत्रात छापून आलं. त्या दिवशी कॅन्टीनमधल्या बाईसुद्धा मान खाली घालून वाढत होत्या.

आमच्या प्राचार्या मिसेस पर्किन्स. तीस वर्षं याच गावात शिकवत आलेल्या, दमलेल्या, भल्या बाई. त्या सुवर्णाबाईंच्या वर्गात आल्या आणि एका बाकावर बसल्या. इंग्रजीत म्हणाल्या, "सुवर्णा, आणखी एक वर्ष हे नाव राहिलं, तर मला काढतील आणि राज्याची माणसं येऊन तुमच्या डोक्यावर बसतील. यंदा दुसरं काही नको. फक्त परीक्षा."

सुवर्णाबाई म्हणाल्या, "हो." त्यात त्यांची काय चूक होती, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या काचेवर फक्त सराव प्रश्न येऊ लागले. प्रश्न, चार पर्याय, पुसा, पुढचा प्रश्न. वर्गाला 'का' विचारायची परवानगी होती, पण उत्तर द्यायला वेळ नव्हता. गाढवाला दळणाची वाट पाठ होते तसे ते प्रश्न मला पाठ झाले. मुलं जांभया देत, बाईही देत, आणि मी त्या सगळ्यांवर उजेड पाडत उभा.

जानेवारीत रोशनी आली. रोशनी वासनिक, नागपूरहूनच. वडील सुभाष कॉम्प्युटरचं काम करायला व्हिसावर आलेले. सुवर्णाबाईंची आणि त्यांची ओळख त्यांच्या समाजाच्या एका कार्यक्रमात झाली होती, म्हणून रोशनी बाहेर बाईंना मावशी म्हणायची आणि वर्गात मॅडम. पहिल्याच आठवड्यात बाईंनी सवयीने विचारलं, "समजलं?" आणि वर्ग माना हलवत असताना ही पोरगी उभी राहिली. इथे कोणी उभं राहत नाही. ती म्हणाली, "नो, मॅडम. आय डिड नॉट अंडरस्टँड."

वर्ग हसला. मागच्या बाकावरची केशा मात्र हसली नाही. ती म्हणाली, "मलाही नाही समजलं." मग आणखी दोघे बोलले. बाईंनी कागद पुसला आणि पहिल्यापासून मांडलं. कितीतरी महिन्यांनी मांडलं, मित्रांनो. माझा दिवा त्या दिवशी उगाचच जास्त तापला होता.

पुढे सराव परीक्षा झाली. रोशनीने सोडवलेलं जवळजवळ सगळं बरोबर होतं, पण मधले काही गोल कोरे होते. सगळे असमानतेचे प्रश्न, म्हणजे लहान-मोठ्याच्या चिन्हाचे. हा धडा वर्गात ती यायच्या आधीच होऊन गेला होता. बाईंनी तिला वर्ग सुटल्यावर थांबवलं.

"रोशनी, हे ब्लँक का सोडलं?"

"मावशी, ते मला येतच नाही."

"अगं, मग एखादा गोल भरून टाकायचा."

"पण येत नाही ना. पप्पा म्हणतात, येत नाही तिथे हात लावायचा नाही. चुकलं तर मार्क कापतात."

हे सुभाषरावांचं प्रवेश परीक्षांमधलं शहाणपण. तिकडे चुकीच्या उत्तराला वजा गुण असत, म्हणून तिकडचा हुशार मुलगा हात आखडून सोडवायचा. इकडे वजा काही नव्हतं. इकडची मुलं पहिलीपासून एक मंत्र शिकतात: अडलं की 'सी' भरा. ए आणि डी कडेला पडतात, बी फार सोपं वाटतं, म्हणून सी. याला काही आधार नाही, पण श्रद्धा अढळ.

बाई दमलेल्या होत्या. दमलेल्या माणसाला विनोद सुचतो. त्या म्हणाल्या, "इथे कापत नाहीत गं. आपल्याकडे म्हणतात ना, अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथे अडला हरी, सीचे पाय धरी." रोशनी खुदकन हसली. बाई हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

कारण मला हिशेब दिसत होता. बाईंना तो धडा तिला शिकवायचा होता. "लंचमध्ये ये," असं त्या दोनदा म्हणाल्याही. पण जेवणाची सुट्टी काठावरच्या मुलांसाठी राखलेली होती, ज्यांना थोडं ढकललं की ती पास होतील अशांसाठी. रोशनी पास होणारच होती, म्हणून तिला शिकवायला वेळ नव्हता. तिचे कोरे गोल सरासरी खाली ओढत होते, म्हणून तिला तुक्का मारायला सांगायला वेळ होता.

सुभाषराव एका संध्याकाळी ऑफिसमधून परस्पर आले. गळ्यात ओळखपत्र तसंच होतं.

"जय भीम, ताई."

"जय भीम. बसा ना, भाऊ."

ते बसले नाहीत. "ताई, रोशनी म्हणते, तुम्ही गेस करायला सांगितलं. मी तिला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली. येतं ते ठासून सांग, येत नाही ते तोंडावर सांग. माझ्या बापाला शाळेत प्रश्न विचारायची सोय नव्हती. तो गप्प बसून माना हलवायला शिकला. हिने तसं करू नये, एवढंच."

बाईंनी माझ्या बटणाकडे हात नेला, पुन्हा मागे घेतला. "भाऊ, मला पटतं. पण इथे निगेटिव्ह मार्किंग नाही. ब्लँक ठेवलं की झिरो, आणि तो झिरो शाळेच्या नावावर पडतो. शाळा गेली, तर मी गेले, प्रिन्सिपल गेल्या. आणि ही पोरं तर इथेच राहणार."

"म्हणजे न येणाऱ्यालाही मार्क?"

"नशिबात असले तर."

सुभाषरावांनी भिंतीकडे बघितलं. मी चालू होतो, भिंतीवर एक जुना सराव प्रश्न होता. मग ते म्हणाले, "तुम्ही टीचर आहात, ताई. तुम्ही म्हणाल तसं ती करेल. मी घरी सांगतो."

त्यांनी भांडायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

मे महिन्यात परीक्षा झाली. मला कापडाने झाकून कोपऱ्यात ढकललं होतं, भिंतीवरचे तक्तेसुद्धा कागदाने झाकले होते. बाई बाकांमधून फिरत होत्या. परीक्षेत शिक्षकाने तोंड उघडायचं नाही, असा नियम. माझ्या कापडाला एक भोक होतं. रोशनी पेन्सिल उचलून बराच वेळ थांबली, तिने बाईंकडे बघितलं, आणि मग भराभर गोल काळे केले. बाई खिडकीकडे वळल्या.

उन्हाळ्यात निकाल लागला. शाळेचं जुनं नाव पुसलं गेलं, नवं बरं नाव मिळालं. जिममध्ये मोठा केक कापला, मिसेस पर्किन्स रडल्या, वर्तमानपत्रात फोटो आला. मी कोणाचा आनंद हिरावून घेत नाही. त्या बाई वाचल्या हे चांगलंच झालं. रोशनीला सगळ्यांत वरची श्रेणी मिळाली. सी बहुतेक ठिकाणी पावला होता. राज्याच्या लेखी तिला आता असमानता उत्तम येत होती, म्हणून तिला पुढच्या, वरच्या वर्गात घातलं. तो वर्गही सुवर्णाबाईंकडेच आला.

सप्टेंबरमध्ये बाईंनी माझ्या काचेवर पहिलंच उदाहरण असमानतेचं घेतलं. उणे संख्येने गुणलं, की चिन्ह उलटतं. 'का' उलटतं तेही त्यांनी मांडलं, जरा घाईत. मग वर बघून विचारलं, "समजलं?"

सगळ्या माना हलल्या. रोशनीचीही हलली.

बाईंचा हात थांबला. तिच्या चेहऱ्यावर माझा उजेड पडला होता आणि ती मान खोटी होती. मी तीस वर्षं माना बघितल्या आहेत. बाईंनीही ओळखली. त्या मराठीतच म्हणाल्या, "रोशनी, खरंच समजलं? नसेल तर परत सांगते. आता वेळ आहे."

रोशनी गोड हसली. बसल्या जागेवरून म्हणाली, "इट्स ओके, मिसेस आर. आय विल मॅनेज."

मागे केशा बसली होती. तिने रोशनीकडे बघितलं, वाट बघितली, आणि मग वहीत मान घातली.

बाईंनी माझं बटण बंद केलं. तास अजून बाकी होता. त्या अंधुक उजेडात उभ्या राहिल्या आणि मुलांना वाटलं, दिवा गेला.

त्यानंतर दोन वर्षांनी नवी यंत्रं आली आणि मी इथे आलो. माझ्यावर धूळ साचली आहे, ती कोणी पुसली तर बरं वाटेल. पण मुख्य विनंती ती नाही. मित्रांनो, परीक्षेत काय भरायचं ते तुमच्या शाळेला विचारा, मी त्यात पडत नाही. मात्र वर्गात बाईंनी "समजलं का?" विचारलं आणि समजलं नसेल, तर उभं राहून नाही म्हणा. हसतील, हसू द्या. तेवढ्यासाठीच तर दिवा लावलेला असतो.